शेवाळ समोर असूनही ब्लेनी खंगते तेव्हा

घरी समुद्री टँक ठेवणाऱ्यांचा ब्लेनी या छोट्या समुद्री माशाबद्दल हा नेहमीचा प्रश्न: "शेवाळ खाईल म्हणून ब्लेनी आणली. दिवसभर दगड खरवडत असते, तरी बारीक होत चालली आहे. पाण्याच्या चाचण्या सगळ्या ठीक येतात. काय चुकतंय?" हा प्रश्न कानावर आला की माझा जीव खालीवर होतो, कारण तो विचारला जाईपर्यंत बहुधा निम्मी मुदत संपलेली असते. मी स्वतः याच पायी दोन ब्लेनी गमावल्या. दोन्ही वेळा पाणी स्वच्छ होतं, दगडांवर शेवाळ होतं, मासा शेवटच्या आठवड्यापर्यंत चरताना दिसत होता, आणि दोन्ही वेळा आणल्यापासून चौथ्या महिन्यात तो गेला. तिसरी ब्लेनी आज माझ्याकडे पाचव्या वर्षात आहे. दुसरी गेल्यावर आणि तिसरी येण्याआधी मी टँकला कोणतंही नवं यंत्र जोडलं नाही. ती नेमकं काय खाते याबद्दलची माझी समजूत तेवढी बदलली.

आधी मासा ओळखून घ्या

मी लिहितोय ते सॅलॅरियस फॅशिएटस या जातीबद्दल. हौशी मंडळी हिला लॉनमोअर ब्लेनी म्हणतात. जास्तीत जास्त 14 सेंटिमीटरपर्यंत वाढते, तपकिरी-हिरवट अंगावर गडद पट्टे आणि पांढुरके ठिपके, डोळ्यांवर फांद्या फुटल्यासारख्या बारीक झालरी. मार्कुस ब्लॉख यांनी 1786 मध्ये या जातीचं शास्त्रीय वर्णन केलं. फॅशिएटस म्हणजे पट्टेदार. तांबड्या समुद्रापासून थेट सामोआपर्यंत ती सापडते, पण कुठेही गेलात तरी उथळ पाण्यातच, साधारण 8 मीटरच्या आत. जिथे ऊन तळाला टेकतं, लाटा बारीक गाळ आणून पसरतात आणि कातळाला हिरवट-तपकिरी लव आलेली असते, तिथे. पुढचं सगळं या एका ओळीवर उभं आहे, म्हणून ती ध्यानात असू द्या.

दोनरंगी ब्लेनी, म्हणजे एक्सेनियस बायकलर, हीसुद्धा चरणारीच आहे. तिलाही खालचं बहुतेक सगळं लागू पडतं. मात्र ब्लेनी या नावाखाली विकला जाणारा प्रत्येक मासा चरत नाही. मायडास ब्लेनी पाण्यात तरंगणारे बारीक जीव टिपून खाते. मेयाकँथस गटातल्या विषारी सुळ्यांच्या ब्लेनीही पाण्यातले छोटे प्राणीच खातात. यांच्यापुढे शेवाळाचा डोंगर ठेवला तरी त्या उपाशीच. तुमच्याकडची ब्लेनी दगडावर बसण्यापेक्षा पाण्यात मधोमध पोहण्यात जास्त वेळ घालवत असेल, तर आधी जात नक्की करा आणि तिला मायसिस, ब्राइन श्रिम्प या बारीक कोळंबीसारख्या जिवांचं मांसाहारी खाणं सुरू करा. तुमचं उत्तर तिथेच संपतं.

तोंड चालू आहे म्हणजे पोट भरतंय असं नाही

मुळातला गैरसमज त्या लॉनमोअर नावात आहे. नाव ऐकून वाटतं की ही लांब वाढलेलं शेवाळ गवतासारखं कापून खाते. जवळून पाहिलंत तर तसं काही घडत नाही. संध्याकाळी टँकचा दिवा चालू असताना खोलीतला दिवा मालवा आणि काचेला नाक लावून बसा. ब्लेनी दगडावर पुढचे पंख टेकून बसते, मान किंचित मागे घेते आणि पुढे झेपावून तोंड दगडावर दाबते. ओठांवर केसांच्या कंगव्यासारखी बारीक, हलणाऱ्या दातांची रांग असते. त्या कंगव्याने ती दगडावरचा मऊ लेप खरवडून तोंडात ओढते. लगेच कल्ल्यांतून मातकट धुराचा एक लहानसा लोट बाहेर येतो. पुन्हा मान मागे, पुन्हा धडक. लांब केसाळ शेवाळाच्या झुबक्यात ती तोंड घालते तेव्हाही झुबका तिथेच राहतो. धाग्यांत अडकलेला साका तेवढा निघतो.

हा साकाच तिचं मुख्य अन्न. कुजलेल्या वनस्पतींचे कण, सूक्ष्म जीवाणू, डायटम नावाचं एकपेशीय सूक्ष्म शेवाळ, बारीक जिवांची विष्ठा, त्यांत मिसळलेली वाळूची पूड. ग्रेट बॅरियर रीफवर या गटातल्या ब्लेनींच्या पोटात काय सापडतं हे तपासलं गेलं, तेव्हा सर्वांत मोठा वाटा साक्याचा निघाला. शेवाळाचे धागे त्यामानाने कमी. शेवाळाच्या चिवट धाग्यांपेक्षा या साक्यात तिला पचणारं पोषण अधिक असतं. म्हणजे आपण जिला गवत कापणारी समजतो, ती खरं तर कातळावरची धूळ झाडून खाणारी आहे. हे कळल्यावर माझ्या पहिल्या दोन माशांचं कोडं एका झटक्यात सुटलं. माझ्या टँकमध्ये शेवाळ होतं. साका नव्हता. तो मीच दर आठवड्याला, मोठ्या निष्ठेने, सायफनने, म्हणजे गाळ ओढणाऱ्या नळीने, काढत होतो.

यावरून हेही कळेल की केसाळ शेवाळ माजलंय म्हणून ब्लेनी आणायची हा उपाय का फसतो. ब्रायॉप्सिस, लांब वाढलेलं डर्बेसिया, बुडबुड्यांसारखं फुग्याचं शेवाळ, लाल बुळबुळीत सायनोबॅक्टेरिया, दगडासारख्या कडक गुलाबी कोरॅलाइन शेवाळाचा थर, यांतलं काहीही तिचं पोट भरत नाही. टँक हिरवागार दिसतो आणि तिचं पान रिकामं असतं.

दुसरा हमखास फसवणारा प्रकार नव्या टँकचा. टँक सुरू केल्यावर काही आठवड्यांत तपकिरी डायटमचा लेप सगळीकडे पसरतो. आपण घाबरतो, ब्लेनी आणतो, ती दोन-तीन आठवडे मनसोक्त जेवते, काचा चकचकीत होतात आणि आपण खूश होतो. मग पाण्यातलं सिलिकेट संपतं, डायटम आपोआप ओसरतात आणि तिचं ताट उचललं जातं. ओसरणं इतकं हळू होतं की ते कोणी टिपत नाही. अंगातली चरबी आणि स्नायू यांच्यावर मासा आणखी काही आठवडे काढतो. म्हणून मरण टँक सुरू झाल्यावर लगेच येत नाही, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात येतं, आणि आपण त्या महिन्यात काय बिघडलं ते शोधत बसतो. बिघाड दोन महिने जुना असतो.

उपाशी आहे की नाही हे कसं ओळखायचं

तीन जागा बघायच्या: पोट, विष्ठा आणि काच.

पोट पाहण्याची योग्य वेळ म्हणजे दुपार उलटल्यावर. सकाळी दिवा लागताक्षणी प्रत्येक ब्लेनीचं पोट थोडं आत असतं, कारण ती रात्रभर कपारीत झोपलेली असते आणि अंधारात चरत नाही. दिवसभर चरून झाल्यावर पोट बाहेरून गोलसर, भरीव दिसायला हवं. संध्याकाळीही ते सपाट असेल तर सावध व्हा. खपाटीला गेलेलं असेल, म्हणजे पुढच्या पंखांच्या मागे सरळ खळगा दिसत असेल, तर आजपासूनच उपाय सुरू करा. आणि डोक्याच्या मागे पाठीवरचं मांस झिजून वरून पाहताना अंग डोक्यापेक्षा एकदम अरुंद दिसू लागलं असेल, तर ती शेवटची पायरी आहे. तिथून मासे परत आलेले मी पाहिलेत, पण थोडे. पोट उद्या भरता येतं. पाठीचं मांस एकदा गेलं की भरून यायला महिने लागतात.

ती काचेवर चढून बसते तेव्हा पोट समोरून दिसतं. ती संधी सोडू नका. दर रविवारी एकाच वेळी, एकाच बाजूने मोबाइलवर फोटो काढून ठेवा. रोज पाहणाऱ्या डोळ्याला बदल दिसत नाही. चार आठवड्यांचे चार फोटो शेजारी ठेवले की दिसतो. माझ्या दुसऱ्या ब्लेनीचे फोटो तिच्या मागे राहिले, ते सलग पाहिले आणि मला धक्का बसला. सातव्या आठवड्यातच सगळं स्पष्ट दिसत होतं.

विष्ठा हे दुसरं लक्षण, आणि माझ्या मते सगळ्यांत खरं बोलणारं. नीट जेवणारी ब्लेनी दिवसभर विष्ठा टाकत असते: लांब, करड्या-तपकिरी, वाळूमुळे जड, दगडावर पडून राहणाऱ्या दोऱ्या. तिच्या आवडत्या बसायच्या जागेखाली त्यांचा ढीग होतो. इतकी विष्ठा पाहून नवखी माणसं घाबरतात, पण ते तब्येतीचं लक्षण आहे. खरवडणं चालू आहे आणि ढीग होत नाही, तर आत काहीच जात नाही असं समजा. दोऱ्या पांढऱ्या, पारदर्शक, चिकट असतील तर प्रश्न वेगळा असू शकतो. त्याकडे पुढे येतो.

आणि काच. शेवाळाचा पातळ लेप आलेल्या काचेवर ब्लेनी तोंड दाबते तिथे ओठांचे गोलसर ठसे उमटतात, शेजारी शेजारी, जणू कोणी काचेला पापे घेतले आहेत. हे ठसे रोज नवे दिसत असतील तर काचेवर तिच्या कामाचं काहीतरी आहे. अनेक टँकमध्ये ठसे दिसतच नाहीत, कारण मालक चुंबकी घासणीने रोज चारही काचा लखलखीत करतो.

भुकेचं नसलेलं दुखणं

काही गोष्टी दुखणं वाटतात पण नसतात. ब्लेनी तळाला किंवा दगडावर बसून राहते, पाण्यात तरंगत नाही, पोहते तेव्हा उड्या मारल्यासारखी जाते आणि थांबली की दगडासारखी खाली येते. पूर्ण वाढ झालेल्या ब्लेनींना हवेची पिशवी नसते, त्यामुळे तरंगणं त्यांच्या अंगातच नाही. दोन डोळे दोन दिशांना वेगवेगळे फिरतात, तेही नैसर्गिक. शेपटीकडून बिळात शिरून फक्त डोकं बाहेर काढून बसणं हा तर तिचा दिवसभराचा पवित्रा. घाबरली किंवा झोपेत असली की अंगावर फिकट-गडद डाग उमटतात आणि काही मिनिटांत जातात. यांपैकी कशालाही औषध लागत नाही.

दुखणं खरं असेल तर ते भुकेपेक्षा वेगळ्या तऱ्हेने येतं. समोर आलेलं खाते, पोटही दिवसा भरतं, तरी पाठ झिजते आणि विष्ठा पांढरी, चिकट दोऱ्यांची येते, तर आतड्यातल्या परजीवींचा संशय घ्या. मासा वेगळ्या टँकमध्ये हलवा आणि प्राझिक्वांटेल किंवा मेट्रोनिडाझोल, जे लक्षणांना जुळेल ते, माशांच्या आजारांची माहिती असलेल्याला विचारून आणि पाकिटावरच्या मात्रेनेच द्या. अंगावर मिठासारखे पांढरे दाणे, जलद श्वास, दगडाला अंग घासणं ही बाहेरच्या परजीवींची लक्षणं. इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. ब्लेनीच्या अंगाला खवले नसतात, चिकट थरच तिचं कवच; ब्लेनी हे नावच चिकट स्रावासाठीच्या ग्रीक शब्दावरून आलं आहे. या परजीवींवर वापरतात ते तांब्याचं औषध अशा माशाला देताना हात फार जपून ठेवा, मात्रा हळूहळू चढवा, रोज मोजा. आणि मुख्य टँकमध्ये ते कधीच टाकू नका. दगड तांबं शोषून घेतात आणि खेकडे, कोळंबी, प्रवाळ मरतात.

पाण्याबद्दल थोडक्यात. तापमान 24 ते 26 अंश, क्षारता 35 भाग प्रतिहजार, अमोनिया आणि नायट्राइट शून्य. एवढं असेल तर पाण्याला दोष देऊन वेळ घालवू नका.

ताट का रिकामं राहतं

तिला पुरेसा साका न मिळण्याची कारणं जवळजवळ नेहमी याच चार-पाच जागी सापडतात, आणि बहुतेक टँकमध्ये एकापेक्षा जास्त असतात.

पहिलं म्हणजे टँक कोवळा आहे. सहा महिन्यांखालच्या टँकमध्ये दगडांवर खरी जुनी लव बसलेलीच नसते. दुसरं म्हणजे टँक लहान आहे. 100 लिटरच्या टँकमध्ये दगडाचा जेवढा पृष्ठभाग आहे तेवढा ती आठवड्याभरात घासून काढते आणि मग पुन्हा पुन्हा त्याच रिकाम्या दगडावर तोंड मारत राहते. बाहेरून पाहणाऱ्याला ती चरताना दिसते. माझ्या अनुभवात 200 लिटर आणि भरपूर खडबडीत दगड याच्या खाली फक्त टँकच्या भरवशावर तिला ठेवू नये.

तिसरं, टँक फार स्वच्छ आहे. जाड फिल्टर सॉक (पाणी गाळणारी पिशवी), मोठा प्रोटीन स्किमर (फेसासोबत घाण काढणारं यंत्र), दगडांवर थेट झोत मारणारे पावरहेड (पाणी फिरवणारे पंप), दर आठवड्याला सायफन. प्रवाळांसाठी हे सगळं उत्तम. पण लाटांनी आणलेला गाळ जिथे टेकतो तिथे राहणाऱ्या माशाला आपण असं घर दिलं की जिथे एक कण टेकत नाही.

चौथं, वाटेकरी. टँग आणि रॅबिटफिश हे शेवाळ खाणारे मासे, दुसरी ब्लेनी, गोगलगायींची मोठी फौज. टँग दगडावरची लव तिच्यापेक्षा खूप वेगाने साफ करतो. शिवाय तो तिला प्रतिस्पर्धी समजून शेपटीचे फटकारे मारतो. मग ती बाहेर यायलाच घाबरते. तुमची ब्लेनी दिवा चालू असतानाही बहुतेक वेळ बिळातच असेल, तर टँकपासून दूर बसून, दुरून अर्धा तास पहा. कोण तिला हाकलतो ते कळेल. चरणाऱ्या दोन ब्लेनी एका टँकमध्ये ठेवल्या तर बहुधा एकच जेवते.

पाचवं कारण तिला आणण्याआधीचं. पकडणं, साठवण, प्रवास यांत मासा अनेक दिवस उपाशी असतो. दुकानातच पोट खपाटीला गेलेली ब्लेनी दया येऊन उचलू नका, जोपर्यंत घरी तिच्यासाठी वाढवलेले दगड तयार नाहीत. कोणते दगड, ते आता सांगतो.

उपाय: दगड वाढवून द्यायचे

मी बरेच प्रकार करून पाहिले. शेवटी जे टिकलं ते हे, आणि माझी तिसरी ब्लेनी यावरच जगली.

मुठीएवढे 8 ते 10 खडबडीत, सच्छिद्र दगड घ्या. जुन्या लाइव्ह रॉकचे, म्हणजे सूक्ष्म जीव वसलेल्या समुद्री दगडाचे, तुकडे उत्तम. वीसेक लिटरचा एक पारदर्शक टब किंवा जुना छोटा टँक घ्या आणि पाणी बदलताना मुख्य टँकमधून काढलेलं पाणी त्यात भरा. ते फेकायचं पाणीच इथे खत आहे. त्यात नायट्रेट आणि फॉस्फेट असतं. छोटा पावरहेड किंवा हवेचा दगड, तापमान मुख्य टँकएवढं, आणि वर चांगला झगझगीत दिवा, रोज 12 तास. दर तीन-चार दिवसांनी चिमूटभर कुस्करलेलं माशांचं खाणं टाका. सायफन करायचा नाही, ढवळायचं नाही. गाळ दगडांवर बसू द्यायचा.

दोन आठवड्यांत दगडांवर तपकिरी-हिरवा, बोटाला बुळबुळीत लागणारा लेप येतो आणि त्यावर धूळ बसल्यासारखा साका दिसतो. लांब धागे येऊ देऊ नका. आले तर दगड जुन्या टूथब्रशने हलका घासून परत टबात ठेवा. तयार दगड अलगद, पाण्याखालूनच एका वाटीत उचला, नाहीतर साका धुऊन जातो, आणि मुख्य टँकमध्ये ब्लेनीच्या बिळासमोर ठेवा. झोताच्या तोंडाशी नको. पावरहेड तासभर बंद ठेवले तर आणखी चांगलं.

पहिल्यांदा मी असा दगड ठेवला तेव्हा ती तब्बल चाळीस मिनिटं बिळातून फक्त पाहत राहिली. मग आली, दगडाच्या कडेला पंख टेकले, एकदा तोंड दाबलं आणि कल्ल्यांतून इतका दाट मातकट लोट निघाला की तसा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. तो दगड तिने संध्याकाळपर्यंत सोडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बिळाखाली करड्या दोऱ्यांचा ढीग होता. त्या ढिगाकडे पाहून मला जो आनंद झाला तो टँक ठेवणाऱ्यालाच कळेल.

दर तिसऱ्या दिवशी दगड बदला; खाऊन पांढरा पडलेला टबात परत, तयार झालेला टँकमध्ये. खंगलेली ब्लेनी असेल तर सुरुवातीला रोज एक. टँग त्रास देत असेल तर दगडावर मोठ्या छिद्रांची प्लॅस्टिकची टोपली उपडी घाला, ज्यातून ब्लेनी शिरेल पण टँग शिरणार नाही. टबातले दगड आत घालण्याआधी एकदा निरखून पहा. ऐप्टेशिया या उपद्रवी समुद्रपुष्पाची छोटी फुलं असली तर तो दगड बाद.

जोडीला तयार खाणं

वाढवलेले दगड हा पाया, पण तेवढ्यावर थांबू नका. पाठ झिजलेल्या माशाला प्रथिनंही लागतात आणि ब्लेनी कायम दगडांच्या वेळापत्रकावर अवलंबून राहू नये.

पाण्यात टाकलेले पेलेट, म्हणजे खाण्याच्या बारीक गोळ्या, ब्लेनीला सुरुवातीला दिसतच नाहीत असं वाटतं, कारण ती तरंगतं अन्न पकडायला शिकलेली नसते. तिला अन्न पृष्ठभागाला चिकटलेलं हवं. म्हणून लेप करायचा. स्पिरुलिनाचे फ्लेक्स, बिनमसाल्याची सुकी नोरी (खायच्या समुद्री शेवाळाचा पातळ कागदासारखा पापुद्रा) आणि थोडे मायसिस मिक्सरमधून अगदी बारीक वाटून घ्या. 100 मिलिलिटर पाण्यात साधारण 1 ग्रॅम अगर-अगर (चायना ग्रास) उकळून विरघळवा, हाताला सोसेल इतकं कोमट होऊ द्या, त्यात हे वाटण घट्टसर होईल इतकं कालवा आणि खडबडीत दगडावर बोटाने दाबून पातळ थर द्या. थर पातळच हवा. जाड असला तर तुकडे सुटून पाणी नासतं. दगड थंड करून टँकमध्ये ठेवा. एकदा बसलेला अगर कोमट पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे लेप तासन्‌तास टिकतो. संध्याकाळी उरलेला लेप काढून घ्या.

पहिले दोन-तीन दिवस ती वास घेऊन निघून जाईल. तेव्हा लेप दिलेला दगड वाढवलेल्या दगडाला चिकटून ठेवा. चरता चरता तोंड तिकडे जातं. एकदा लेप आवडला की नोरीचा तुकडा रबराने दगडाला बांधून द्या, आणि मग दगडावर टेकतील असे ओले पेलेट. तिसरी ब्लेनी सहाव्या आठवड्यात मायसिस पाण्यातून टिपायला लागली, आणि ते मी शिकवलं नव्हतं. क्लाउन माशांकडे पाहून ती शिकली. खाणाऱ्या शांत माशांची सोबत ब्लेनीला खरोखर उपयोगी पडते.

टँकच्या सवयीही बदला. फक्त समोरची काच घासा. मागची आणि बाजूच्या तिच्यासाठी सोडा. फिल्टर सॉक आठवड्यातून काही दिवस काढून ठेवा. दगडांमधला एखादा शांत कोपरा सायफनपासून कायमचा वगळा. हे करताना नायट्रेट चढतंय का ते दर आठवड्याला मोजा. पाणी थोडं अधिक बदलावं लागेल, पण गाळ न ढवळता.

किती दिवसांत फरक दिसतो? विष्ठा एक-दोन दिवसांत. संध्याकाळचं पोट पहिल्या दहा दिवसांत. पाठ भरायला माझ्याकडे तीन महिने लागले. दोन आठवडे नेटाने करूनही पोट वर येत नसेल तर परजीवींचा विचार करा. आणि टँक लहान असेल, टब ठेवायला जागा नसेल, तर मोठ्या, जुन्या, गाळाळ टँकवाल्याकडे तिला देऊन टाका. मासा जगणं महत्त्वाचं.

प्रवाळ कुरतडते, उडी मारते

ब्लेनी अचानक प्रवाळांचं मांस किंवा टँकमधल्या मोठ्या शिंपल्याची किनार चावू लागली, अशी तक्रारही पुष्कळदा येते. तिला लगेच पकडून बाहेर काढण्याआधी संध्याकाळचं पोट पहा. बऱ्याचदा ती भूकच असते. वाढवलेले दगड सुरू झाले की दोन-तीन आठवड्यांत चावणं थांबतं. काही माशांना मात्र ती चव लागते आणि पोट भरलं तरी सुटत नाही. मग टँक बदलण्याशिवाय इलाज नाही.

उडीचं कारण बहुतेक वेळा धास्ती: एकदम मालवलेला दिवा, हाकलणारा टँग, नवी जागा. ओहोटीच्या काठावर राहणाऱ्या माशांच्या कुळातली ती, उडी तिच्या रक्तात आहे. टँकवर बारीक जाळी पूर्ण बसवा, नळ्या आणि वायरच्या फटींसकट, आणि ओव्हरफ्लोच्या, म्हणजे जिथून जादा पाणी टँकबाहेर वाहतं त्या, दातांवरही जाळी लावा. दिवा एकदम न मालवता हळूहळू मंद होईल अशी सोय करा. खंगलेल्या माशाला टँग सतत हाकलत असेल तर उडीची भीती दुप्पट.

गावाला जायचं असेल तेव्हा मी आठवडाभर आधीपासून टबातला एकही दगड काढत नाही, म्हणजे सगळे दाट भरतात. निघायच्या सकाळी चार दगड एकदम, टँकच्या चार वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवतो. मागे टँक पाहणाऱ्याला एकच सांगून ठेवतो: काचा घासू नका, आणि रोज संध्याकाळी ती काचेवर बसलेली असताना पोटाचा एक फोटो पाठवा.